विश्लेषण : उत्तर न काढताच गुण मिळतात? ‘डेटा सफिशियन्सी’च्या प्रश्नांत मूळ अवयवांची युक्ती काय?

उल्हासनगरचे पाच कॅम्प आणि त्यांचे पाच पिन कोड : ४२१००१ ते ४२१००५. आता हा प्रश्न पाहा. एक पत्र यांपैकी नेमक्या कोणत्या कॅम्पला जायचे आहे, हे सांगता येईल का?

विधान १ : पत्रावरील पिन कोड विषम आहे.
विधान २ : पत्रावरील पिन कोडला ११ ने निःशेष भाग जातो.

पहिल्या विधानाने कॅम्प नं. १, ३ आणि ५ असे तीन पर्याय उरतात, म्हणजे माहिती अपुरी. दुसऱ्या विधानासाठी बहुतेक जण पाचही संख्यांना ११ ने भागायला बसतात. पण लागोपाठच्या पाच संख्यांत ११ च्या पटीतली संख्या फार तर एकच असू शकते. ती आहे, असे विधानच सांगते. म्हणजे कॅम्प एकच ठरतो आणि दुसरे विधान एकटे पुरेसे आहे. एकही भागाकार न करता प्रश्न सुटला.

(कुतूहल असेल तर : ४२१००३ मधील एकाआड एक अंकांच्या बेरजा ४+१+०=५ आणि २+०+३=५. फरक शून्य, म्हणून ११ ने भाग जातो. पत्र कॅम्प नं. ३ चे.)

बँक भरती, एमबीए सीईटी, यूपीएससीची सीसॅट, जीमॅट अशा परीक्षांत या प्रकाराला ‘डेटा सफिशियन्सी’ म्हणतात. मराठीत ‘माहितीची पर्याप्तता’. यातले संख्यांवरचे प्रश्न सोडवण्याचे सर्वांत खात्रीचे हत्यार पाचवी-सहावीतच हातात आलेले असते, ते म्हणजे मूळ अवयव.

हा प्रकार नेमका काय असतो?

एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. उमेदवाराने प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसते. उत्तर देण्यासाठी कोणते विधान पुरेसे आहे, एवढेच सांगायचे असते. पर्याय बहुधा पाच प्रकारचे असतात : फक्त पहिले पुरेसे, फक्त दुसरे पुरेसे, कोणतेही एक पुरेसे, दोन्ही मिळून पुरेसे किंवा दोन्ही मिळूनही अपुरे.

पर्यायांचा क्रम मात्र प्रत्येक परीक्षेत सारखा नसतो. जीमॅटमध्ये तिसरा पर्याय ‘दोन्ही मिळून पुरेसे’ असा असतो. बँक परीक्षांच्या प्रचलित नमुन्यात तिसऱ्या जागी ‘कोणतेही एक पुरेसे’ असते. एका परीक्षेची सवय दुसरीकडे नेली की बरोबर सोडवलेला प्रश्नही चुकतो. पेपर हातात आल्यावर पर्यायांचा क्रम आधी वाचणे म्हणूनच गरजेचे आहे.

प्रश्नांचेही दोन प्रकार असतात. ‘क्ष किती?’ या प्रश्नात एकच किंमत निघाली पाहिजे. ‘क्ष ला १२ ने भाग जातो का?’ या प्रश्नात पक्के ‘होय’ किंवा पक्के ‘नाही’ मिळाले पाहिजे. ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर आहे. ‘कधी होय, कधी नाही’ अशी स्थिती आली, तरच माहिती अपुरी ठरते.

एका प्रश्नाने खरेच किती फरक पडतो?

यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचे उदाहरण घ्या. सीसॅटचा पेपर ८० प्रश्नांचा आणि २०० गुणांचा असतो. प्रत्येक बरोबर उत्तराला अडीच गुण मिळतात, तर चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ०.८३ गुण कापले जातात. २०१५ पासून हा पेपर केवळ पात्रतेसाठी आहे. किमान ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण लागतात. ते मिळाले नाहीत, तर सामान्य अध्ययनाच्या पेपरात कितीही गुण असले तरी उपयोग नाही.

समजा, एखाद्या उमेदवाराची २८ उत्तरे बरोबर आली आणि चार चुकली. त्याचे ७० वजा ३.३३, म्हणजे ६६.६७ गुण होतात. तो पात्र ठरतो. त्याच उमेदवाराने अंदाजाने आणखी एक उत्तर दिले आणि ते चुकले, तर गुण ६५.८३ होतात. तो अपात्र. वर्षभराची मेहनत एका ठोकताळ्यावर वाया जाऊ शकते. २०२३ चा सीसॅट पेपर फार कठीण होता, अशी तक्रार करत उमेदवार केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले होते. पात्रतेची अट ३३ वरून २३ टक्क्यांवर आणावी, अशी त्यांची मागणी होती.

राज्याच्या एमबीए सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे अडचण वेळेची असते. २०० प्रश्नांना १५० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. संख्या घालून पाहत बसणाऱ्याला एवढा वेळ पुरत नाही.

मूळ अवयवच का?

१ पेक्षा मोठी प्रत्येक नैसर्गिक संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात मांडता येते आणि ती मांडणी एकच असते. क्रम बदलेल, पण अवयव बदलणार नाहीत. ७२ म्हणजे २ × २ × २ × ३ × ३. तीन वेळा २ आणि दोन वेळा ३, याखेरीज ७२ तयार करण्याचा दुसरा मार्ग नाही.

त्यामुळे ‘भाग जातो का’ हा प्रश्न भागाकाराचा न राहता मोजणीचा होतो. एखाद्या संख्येला ७२ ने भाग जाण्यासाठी तिच्यात किमान तीन वेळा २ आणि किमान दोन वेळा ३ असावेच लागतात. विधान वाचायचे आणि ‘कोणता अवयव किमान किती वेळा आहे, हे यातून पक्के कळते का?’ एवढेच विचारायचे. जे पक्के कळले ते लिहायचे. जे कळले नाही ते मोकळे सोडायचे.

दोन विधाने जोडताना गुणाकार करायचा की लसावि?

सर्वाधिक चुका इथे होतात. घाऊक दुकानातला हिशेब घ्या. गोदामात काही जीन्स आहेत आणि त्यांची संख्या ‘न’ आहे.

विधान १ : २४-२४ चे गठ्ठे बांधले तर एकही जीन्स उरत नाही.
विधान २ : १८-१८ चे गठ्ठे बांधले तरीही एकही उरत नाही.

प्रश्न : ७२-७२ चे गठ्ठे बांधले तर काही उरेल का?

२४ म्हणजे २ × २ × २ × ३. पहिल्या विधानातून तीन वेळा २ आणि एकदा ३ मिळाले. दुसरा ३ आहे की नाही, हे कळत नाही. १८ म्हणजे २ × ३ × ३. दुसऱ्या विधानातून एकदा २ आणि दोनदा ३ मिळाले. दोन्ही विधाने एकत्र केली, तर तीन वेळा २ आणि दोन वेळा ३ नक्की आहेत. हेच ७२. म्हणजे काहीही उरणार नाही. उत्तर : दोन्ही मिळून पुरेसे.

आता विधाने तीच ठेवून प्रश्न बदला : २१६-२१६ चे गठ्ठे बांधले तर काही उरेल का? २१६ मध्ये तीन वेळा २ आणि तीन वेळा ३ आहेत. तिसऱ्या ३ ची हमी कुणीच दिलेली नाही. ‘न’ ७२ असेल तर २१६ चा एकही गठ्ठा होत नाही, ‘न’ २१६ असेल तर बरोबर एक होतो. उत्तर : दोन्ही मिळूनही अपुरे.

ज्यांनी २४ आणि १८ चा गुणाकार करून ४३२ काढला, त्यांना दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर ‘होय’ वाटेल. पण एकच २ दोन्ही विधानांत मोजला गेला आहे. तो दोन वेळा धरता येत नाही. म्हणून जोडताना प्रत्येक अवयवाची दोहोंपैकी मोठी संख्या घ्यायची. याचेच नाव लसावि.

वर्ग आला की काय बदलते?

प्रश्न : न ही नैसर्गिक संख्या आहे. न ला १२ ने भाग जातो का?

विधान १ : न च्या वर्गाला ७२ ने भाग जातो.
विधान २ : न च्या वर्गाला ३६ ने भाग जातो.

वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळाच येतो, कारण न मधला प्रत्येक अवयव तिथे दुप्पट झालेला असतो. पहिल्या विधानानुसार वर्गात किमान तीन वेळा २ आहेत. तीन ही विषम संख्या, म्हणजे प्रत्यक्षात किमान चार असणारच. त्याचे निम्मे म्हणजे न मध्ये किमान दोन वेळा २. दोनदा ३ चे निम्मे म्हणजे किमान एकदा ३. दोन्ही मिळून २ × २ × ३, म्हणजे १२. पहिले विधान एकटे पुरेसे.

दुसऱ्या विधानातून वर्गात किमान दोनदा २ आणि दोनदा ३ मिळतात. म्हणजे न मध्ये एकदा २ आणि एकदा ३ पक्के, एवढेच कळते. न ६ असू शकतो किंवा १२. अपुरे. ७२ आणि ३६ पाहून ‘मोठ्या संख्येने जास्त माहिती दिली’ असे वाटेल, पण खरा फरक तीन आणि दोन या मोजणीत आहे.

पक्के ‘नाही’ मिळाले तर?

प्रश्न : न ही नैसर्गिक संख्या आहे. न ही पूर्ण वर्ग संख्या आहे का?

विधान १ : न ला एकूण ८ विभाजक आहेत.
विधान २ : न ला ४ ने भाग जातो.

विभाजक नेहमी जोडीने येतात. १२ साठी १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. पूर्ण वर्ग संख्येत मात्र वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते. ३६ मध्ये ६ ची जोडी ६. म्हणून पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते. ८ सम आहे, म्हणजे न पूर्ण वर्ग नाही. उत्तर ठाम आहे, तेव्हा पहिले विधान पुरेसे. दुसऱ्या विधानात ४ आणि ८ दोन्ही बसतात. ४ पूर्ण वर्ग आहे, ८ नाही. ते अपुरे. ‘नाही’ आले म्हणून विधानावर फुली मारणारे इथे हकनाक गुण गमावतात.

बारा डबा, पंधरा डबा आणि न दिलेली माहिती

प्रश्न : दोन नैसर्गिक संख्यांची बेरीज किती?

विधान १ : त्यांचा मसावि ३ आहे.
विधान २ : त्यांचा लसावि ६० आहे.

कल्याणपुढे रोज लोकलने जाणाऱ्याच्या डोक्यात लगेच १२ आणि १५ येतील. मसावि ३, लसावि ६०, दोन्ही जुळतात. बेरीज २७. मग ‘दोन्ही मिळून पुरेसे’ असे उत्तर देण्याचा मोह होतो.

पण अवयव मांडून पाहा. दोन्ही संख्यांत ३ सामाईक आहे. तो बाजूला काढला, तर उरलेल्या दोन भागांचा गुणाकार ६० भागिले ३, म्हणजे २० असला पाहिजे आणि त्या भागांत सामाईक मूळ अवयव नको. २० म्हणजे २ × २ × ५. दोन्ही २ एकाच बाजूला राहावे लागतात. म्हणून जोड्या दोनच : ४ आणि ५ किंवा १ आणि २०. पहिल्या जोडीतून १२ आणि १५ मिळतात, दुसरीतून ३ आणि ६०. बेरीज २७ किंवा ६३. उत्तर : दोन्ही मिळूनही अपुरे.

साठ डब्यांची लोकल कुणी पाहिलेली नाही, हे खरे. पण विधानांत लोकलचा उल्लेखच नाही. जे दिलेले नाही ते आपल्या अनुभवातून भरायचे नाही, हा या प्रकारातला सर्वांत कडक नियम. सुचलेली पहिली जोडी बरोबर असणे आणि ती एकमेव असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

कापरेकरांच्या ६१७४ चे अवयव

देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या नावाने ६१७४ ही संख्या जगभर ओळखली जाते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते, कारण ७६४१ वजा १४६७ बरोबर पुन्हा ६१७४.

या संख्येचे अवयवही सरावाला चांगले आहेत : २ × ३ × ३ × ७ × ७ × ७.

प्रश्न : क ही दोन अंकी नैसर्गिक संख्या आहे. क किती?

विधान १ : ६१७४ × क ही पूर्ण वर्ग संख्या आहे.
विधान २ : क ला ८ ने भाग जातो.

पूर्ण वर्गात प्रत्येक अवयव सम वेळा लागतो. ३ आधीच दोनदा आहे. २ एकदाच आहे आणि ७ तीनदा. म्हणजे क मध्ये एक २ आणि एक ७ हवाच. १४ झाले. त्याला आणखी एखाद्या पूर्ण वर्गाने गुणले तरी चालते : १४ × ४ म्हणजे ५६. १४ × ९ म्हणजे १२६, ही तीन अंकी. म्हणून पहिल्या विधानाने १४ आणि ५६ असे दोन पर्याय उरतात. दुसऱ्या विधानात १६, २४, ३२ अशा अनेक संख्या बसतात. दोन्ही मिळून मात्र फक्त ५६. उत्तर : दोन्ही मिळून पुरेसे.

परीक्षेत उतरवायची पद्धत कोणती?

• आधी प्रश्न पाहा. ‘किती?’ आहे की ‘होय-नाही’? प्रश्नातल्या संख्येचे मूळ अवयव बाजूला लिहा.

• पहिले विधान एकटे तपासा. मग ते पूर्ण विसरून दुसरे एकटे तपासा. पहिल्यातली माहिती नकळत दुसऱ्यात वापरणे ही नेहमीची चूक आहे.

• दोन्ही अपुरी ठरली, तरच एकत्र करा. जोडताना लसावि घ्या, गुणाकार नको.

• ‘पुरेसे’ म्हणण्याआधी विधानात बसणारी, पण वेगळे उत्तर देणारी एखादी संख्या शोधा. अशी एक जरी सापडली, तर विधान अपुरे.

• ‘नैसर्गिक संख्या’ आणि ‘पूर्णांक’ यांतला फरक पाहा. पूर्णांकात शून्य आणि ऋण संख्याही येतात. शून्याला शून्येतर कोणत्याही संख्येने भाग जातो. १ ही मूळ संख्या नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे.

• पेपरची भाषा लक्षात ठेवा. यूपीएससीचा पेपर हिंदी आणि इंग्रजीत असतो. आपली मूळ संख्या हिंदीत ‘अभाज्य संख्या’, अवयव म्हणजे ‘गुणनखंड’, मसावि म्हणजे ‘महत्तम समापवर्तक’ आणि लसावि म्हणजे ‘लघुत्तम समापवर्त्य’. मराठी शाळेतून आलेला उमेदवार गणित येत असूनही शब्दावर अडू शकतो.

ही युक्ती कुठे चालत नाही?

मूळ अवयव गुणाकाराची माहिती देतात. बेरीज आली की त्यांची ताकद कमी होते. दोन्ही संख्यांना ६ ने भाग जात असेल, तर बेरजेलाही जातो. एकीला जातो आणि दुसरीला जात नाही, तर बेरजेला जात नाही. पण दोघींनाही भाग जात नसेल, तर काहीच सांगता येत नाही : ४ आणि २ ची बेरीज ६, तर ४ आणि ३ ची बेरीज ७. वय, वेग, टक्केवारी किंवा ‘पेक्षा मोठे-लहान’ अशा प्रश्नांत समीकरणे आणि असमानताच वापराव्या लागतात. प्रश्नात ‘भाग जातो’, ‘विभाजक’, ‘मसावि-लसावि’, ‘पूर्ण वर्ग’, ‘पूर्ण घन’ यांपैकी शब्द दिसला, तर मात्र अवयव मांडायला हरकत नाही.

स्वतः करून पाहा

न ही नैसर्गिक संख्या आहे. न ला ४५ ने भाग जातो का?

विधान १ : न ला १५ ने भाग जातो.
विधान २ : न च्या वर्गाला ८१ ने भाग जातो.

उत्तर : ४५ साठी दोनदा ३ आणि एकदा ५ हवा. पहिले विधान एक ३ आणि एक ५ देते. दुसरा ३ अनिश्चित. दुसऱ्या विधानानुसार वर्गात चार वेळा ३, म्हणून न मध्ये दोनदा ३ पक्के, ५ अनिश्चित. एकत्र केल्यावर दोनदा ३ आणि एकदा ५ मिळतात. दोन्ही मिळून पुरेसे.

न किती, हे शेवटपर्यंत कळले नाही. कळण्याची गरजही नव्हती.